फोटो पुसूनही ‘मेमरी कमी’चा इशारा का येतो?

एका वाचक भगिनीचं पत्र आहे. घरात एकच संगणक आहे: विंडोज ११, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी (फायली साठवणारी वेगवान डिस्क). त्यावर त्यांचं भाषांतराचं काम चालतं, नवऱ्याचे हिशेब असतात, लेकीचा कॉलेजचा अभ्यास असतो आणि सासूबाई संध्याकाळी व्हिडिओ बघतात. चौघांची चार वेगळी खाती आहेत. काही महिन्यांपासून मधूनमधून पडद्यावर इशारा येतो, की संगणकाची मेमरी कमी पडते आहे, फायली सेव्ह करा आणि प्रोग्रॅम बंद करा. एकदा तर इशाऱ्यापाठोपाठ त्यांचा लेखनाचा प्रोग्रॅमच बंद पडला आणि दुपारभराचं काम गेलं. दिरांनी येऊन मेमरी साफ करणारं एक सॉफ्टवेअर टाकलं आणि ‘एसएसडी जास्त टिकेल’ म्हणून व्हर्च्युअल मेमरी बंद केली. तेव्हापासून इशारा जवळजवळ रोज संध्याकाळी येतो. मग जागा करायची म्हणून त्यांनी लेकीच्या लहानपणापासूनचे फोटो आणि व्हिडिओ पुसायला घेतले. चाळीसेक जीबी मोकळे झाले, तरी इशारा आलाच. टास्क मॅनेजरमध्ये, म्हणजे चालू प्रोग्रॅम आणि त्यांचा मेमरीचा वापर दाखवणाऱ्या विंडोजच्या खिडकीत, मेमरी ७० टक्क्यांच्या आसपास दिसते, मग उरलेले ३० टक्के जातात कुठे, असं त्या विचारतात. घरात यावरून वाद होऊ लागलेत. नवरा म्हणतो, लेक ब्राउझरमध्ये उघडे ठेवते त्या टॅबमुळे होतंय. लेक म्हणते, यंत्र जुनं झालंय. पत्राच्या शेवटी प्रश्न आहे: ‘‘आणखी काय पुसू? की आता नवीनच घ्यावा?’’

आणखी काहीही पुसू नका. उरलेले फोटो आहेत तिथे सुखरूप राहू द्या. आणि हे उत्तर शेवटपर्यंत वाचण्याआधी गेलेल्या फोटोंकडे बघा, कारण त्या कामात उशीर परवडत नाही.

रिसायकल बिन उघडा. ती तुम्ही रिकामी केली नसेल, तर फोटो तिथेच असण्याची शक्यता मोठी आहे. निवडायचे, राइट क्लिक करायचं आणि ‘रिस्टोअर’ म्हणायचं, की ते जुन्या जागी परत जातात. फोटोंचं फोल्डर वनड्राइव्हला (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीला) जोडलेलं असेल तर वनड्राइव्हच्या वेबसाइटवर तिची स्वतंत्र रिसायकल बिन असते आणि वैयक्तिक खात्यात पुसलेली फाइल तिथे ३० दिवस राहते. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेले फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतात. घरातल्या सगळ्यांचे जुने फोन, मेमरी कार्ड, पेनड्राइव्हही एकदा बघा. मूळ फोटो बहुतेक फोनवरच काढलेले असतात आणि ते कुठल्या तरी फोनमध्ये राहून गेलेले असू शकतात.

बिन रिकामी झाली असेल तर मात्र एसएसडीवरून फोटो परत मिळण्याची आशा फार कमी असते. फाइल पुसली की ती जागा आता लागणार नाही, असं विंडोज एसएसडीला कळवतं आणि एसएसडी आपल्या सवडीने ती खरोखरच रिकामी करते. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कवर तसं होत नाही. तिथे नवीन काही लिहिलं जाईपर्यंत जुना मजकूर टिकून असतो. ज्या वाचकांच्या घरी हार्ड डिस्क आहे आणि ज्यांनी असेच फोटो पुसलेत, त्यांनी ताबडतोब तो संगणक वापरणं थांबवावं आणि फाइल परत मिळवणारं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर न टाकता डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून प्रयत्न करावा.

आता इशाऱ्याकडे वळू. तुम्ही जे केलंत ते अगदी समजण्यासारखं आहे. फोनवर ‘जागा संपली’ असा निरोप आला की आपण सगळेच फोटो पुसतो आणि तिथे ते बरोबरही असतं. पण तुमच्या पडद्यावरचा इशारा रॅमबद्दलचा आहे. रॅम म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमना काम करायला लागणारी जागा. यंत्र बंद झालं की ती रिकामी होते. डिस्कवर नुसता पडून असलेला, न उघडलेला फोटो रॅममधली तसूभरही जागा घेत नाही. तुमच्या फोटोंचा या त्रासाशी संबंध नव्हता. डिस्क भरत आली की विंडोज ते वेगळं सांगतं: ‘धिस पीसी’मध्ये त्या ड्राइव्हची पट्टी लाल होते. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख कुठेच नाही.

आणि आता तो ७० टक्क्यांचा प्रश्न. तो विचारल्याबद्दल तुमचं मनापासून कौतुक वाटतं, कारण सगळ्या कोड्याची किल्ली तिथेच आहे.

टास्क मॅनेजर जो टक्का दाखवतो तो त्या क्षणी प्रत्यक्ष वापरात असलेल्या रॅमचा. इशारा मात्र दुसऱ्याच हिशेबावरून येतो. कुठलाही प्रोग्रॅम चालताना विंडोजकडे मेमरी मागत असतो आणि पुष्कळदा लगेच लागणार असते त्यापेक्षा जास्त मागून ठेवतो. विंडोज त्याला तेवढ्या मेमरीचा शब्द देतं. हा शब्द विंडोजला पाळावाच लागतो. प्रोग्रॅमने कधीही ती मेमरी वापरायला घेतली तरी ती मिळालीच पाहिजे. म्हणून सगळ्यांना मिळून दिलेल्या मेमरीची बेरीज एका मर्यादेपलीकडे जाऊ दिली जात नाही. ही मर्यादा म्हणजे रॅम अधिक पेजफाइल. पेजफाइल ही डिस्कवर राखून ठेवलेली एक फाइल असते. रॅमवर ताण आला की बराच वेळ न वापरलेला मजकूर विंडोज तिच्यात नेऊन ठेवतं. पण तिचा दुसरा उपयोग तितकाच मोठा आहे: जी मेमरी मागून ठेवलीय पण अजून वापरलेली नाही, तिच्यासाठी पेजफाइल तारण म्हणून उभी असते.

तुमच्याकडे ८ जीबी रॅम आहे. समजा पेजफाइलही ८ जीबीची असती, तर विंडोजला साधारण १६ जीबीपर्यंत शब्द देता आला असता. दिरांनी ‘व्हर्च्युअल मेमरी’ बंद केली म्हणजे ही पेजफाइलच काढून टाकली. त्यामुळे मर्यादा आठाच्याही किंचित खाली आली, कारण रॅममधला थोडा भाग ग्राफिक्स आणि इतर हार्डवेअर आधीच बाजूला काढून घेतं. आता प्रोग्रॅमनी मागितलेली बेरीज पावणेआठ जीबीला टेकली की विंडोजचे हात बांधले जातात, मग त्यातली प्रत्यक्षात वापरलेली मेमरी साडेपाच जीबी का असेना. तुमचे ३० टक्के कुठे गेलेले नाहीत. ते मोकळेच आहेत, पण कुणाच्या तरी नावावर लागलेले आहेत. ज्या प्रोग्रॅमला नेमकी त्या क्षणी मेमरी हवी होती आणि मिळाली नाही, तो बंद पडला. तुमचं दुपारचं काम ज्या दिवशी गेलं तेव्हा पेजफाइल होती, पण तेव्हाही मर्यादा गाठली गेली असणार. आता ती निम्मी झाल्याने तेच रोज घडतंय.

हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’वर गेलात की खाली ‘कमिटेड’ नावाखाली दोन आकडे दिसतील, मध्ये तिरकी रेघ. पहिला आकडा दिलेल्या शब्दांची बेरीज, दुसरा मर्यादा. संध्याकाळी हे दोन आकडे जवळ येताना दिसले, की इशारा का येतो याबद्दल शंका उरणार नाही. टक्क्यापेक्षा या जोडीकडे लक्ष ठेवा.

दुरुस्ती सोपी आहे. स्टार्टच्या शोधपट्टीत ‘परफॉर्मन्स’ टाइप करून ‘अ‍ॅडजस्ट द अपीअरन्स अँड परफॉर्मन्स ऑफ विंडोज’ उघडा, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये जा, ‘व्हर्च्युअल मेमरी’खाली ‘चेंज’ दाबा आणि सगळ्यात वरच्या ‘ऑटोमॅटिकली मॅनेज पेजिंग फाइल साइझ फॉर ऑल ड्राइव्ह्ज’ या चौकोनात खूण करा. मग यंत्र रीस्टार्ट करा. आकडा स्वतः ठरवायच्या भानगडीत पडू नका, तो विंडोजवर सोडा. फक्त सी ड्राइव्हवर मोकळी जागा हवी, कारण पेजफाइल वाढायला तिथेच जागा लागते. मी तरी वीस जीबी कायम मोकळे ठेवा म्हणेन. डिस्कचा आणि या इशाऱ्याचा संबंध येतो तो एवढ्यापुरताच. ती जागा करायला ‘सेटिंग्ज’मधल्या ‘सिस्टिम’, ‘स्टोरेज’ इथून तात्पुरत्या फायली काढता येतात. तिथल्या यादीत ‘डाउनलोड्स’ हेही नाव असतं. त्यावर खूण करण्याआधी ते फोल्डर उघडून बघा, त्यात कुणाची प्रवेशपत्रं, पावत्या, गुणपत्रिका पडलेल्या असतात.

दिरांनी तुमच्या भल्याच्याच हेतूने हे केलं, आणि एसएसडी लिहून लिहून झिजते हे त्यांचं म्हणणं खरंही आहे. पण प्रमाण लक्षात घ्यायला हवं. २५० जीबीच्या आसपासच्या अनेक साध्या एसएसडींना बनवणारे ८० ते १५० टेराबाइट (एक टेराबाइट म्हणजे हजार जीबी) लिखाणाची हमी देतात. पेजफाइल आणि बाकी सगळं मिळून रोज २० जीबी लिहिलं गेलं, तरी १०० टेराबाइट व्हायला तेरा वर्षांहून जास्त लागतील. एसएसडीचं आयुष्य वाचवायला रोजचं काम पणाला लावायची गरज नाही. त्यांना हे शांतपणे सांगा. जो माणूस घरी येऊन मदत करतो त्याला नेमकं काय चुकलं हे कळलं तर पुढच्या घरी तो बरोबर करेल.

ते मेमरी साफ करणारं सॉफ्टवेअर मात्र काढून टाका. असं सॉफ्टवेअर चालू प्रोग्रॅमना रॅममधून बाहेर ढकलतं, त्यामुळे मोकळ्या रॅमचा आकडा क्षणभर वाढतो आणि बरं वाटतं. पण प्रोग्रॅमनी मागून ठेवलेली मेमरी त्याने कमी होत नाही, म्हणजे इशारा ज्या हिशेबावरून येतो त्याला हातच लागत नाही. वर बाहेर ढकललेला मजकूर प्रोग्रॅमला पुन्हा आणावा लागतो आणि यंत्र आणखी हळू होतं. ‘कॅश्ड’ म्हणून जी मेमरी दिसते तीही साफ करायची नसते. ती गरज पडताच दुसऱ्याला मिळते; तोवर नुकत्याच वापरलेल्या फायली हाताशी राहाव्यात म्हणून विंडोज ती वापरतं. रिकामी रॅम कुणाच्याच कामाची नसते.

आता जी गोष्ट तुमच्या पत्रात दोनच शब्दांत येते आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, तिच्याकडे येते: ‘‘चार खाती’’. एकाचं काम झाल्यावर दुसरा बसतो तेव्हा नेमकं काय होतं, हे एक दिवस नीट बघा. बहुतेक घरांत पहिला माणूस उठून जातो, पडदा कुलूपबंद होतो, दुसरा येऊन आपल्या नावावर टिचकी मारतो आणि आपल्या खात्यात शिरतो. पहिल्याचं खातं बंद झालेलं नसतं. त्याचा ब्राउझर, त्याचे टॅब, त्याचं चॅट, त्याच्या फायली जशाच्या तशा मागे चालू असतात. सकाळी तुम्ही, दुपारी लेक, संध्याकाळी नवरा आणि मग सासूबाई. चौथ्या माणसापर्यंत येता येता त्या ८ जीबीमध्ये चार माणसांची कामं एकाच वेळी उघडी असतात. इशारा संध्याकाळीच का येतो, याचं उत्तर बहुधा हे आहे. म्हणजे ज्याच्यासमोर इशारा येतो त्याने काही केलेलं असेलच असं नाही, आणि लेक त्या वेळी घरात नसली तरी तिचे टॅब तिथे असू शकतात, तसेच तुमचे आणि तिच्या बाबांचेही.

टास्क मॅनेजरमध्ये ‘युजर्स’ नावाचा भाग असतो. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्यातून तो उघडला तर कुणाच्या खात्यात किती मेमरी अडकली आहे हे नावानिशी दिसतं. एका संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तो बघा. आरोप-प्रत्यारोपांपेक्षा त्या चार ओळी जास्त सांगतील आणि माझा अंदाज आहे, चौघांच्याही नावापुढे आकडा निघेल. मग घरात एकच नियम करा: उठताना ‘साइन आउट’. नुसतं लॉक करून किंवा खातं बदलून उठायचं नाही. साइन आउट केलं की त्या माणसाचे सगळे प्रोग्रॅम बंद होतात आणि मेमरी परत मिळते. सासूबाईंना ते अवघड वाटत असेल तर त्यांना पहिल्यांदा शेजारी बसून दाखवा.

लेकीच्या टॅबबद्दल. तिचे तीस-चाळीस टॅब उघडे असतात, ते बघून तुमच्या नवऱ्याला त्रास होतो, हे समजतं. आजचे ब्राउझर खरोखरच रॅम भरपूर घेतात आणि त्याला कारण आहे. क्रोमसारखा ब्राउझर वेगवेगळ्या वेबसाइट वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये चालवतो, जेणेकरून एका साइटमधल्या घातक मजकुराला दुसऱ्या साइटची, समजा तुमच्या बँकेची, माहिती वाचता येऊ नये. २०१८ मध्ये प्रोसेसरमधली स्पेक्टर नावाची त्रुटी उघड झाली, त्यानंतर क्रोमने संगणकावर ही विभागणी सरसकट लागू केली. जास्तीची रॅम लागते ती त्या सुरक्षेची किंमत आहे. मुलीला ‘टॅब बंद कर’ म्हणण्यात अर्थ नाही. अभ्यास करणाऱ्याला संदर्भ समोर लागतात. तिला तिचे टॅब झोपवायला शिकवा. क्रोममध्ये ‘सेटिंग्ज’, ‘परफॉर्मन्स’ इथे ‘मेमरी सेव्हर’ आहे, एजमध्ये ‘स्लीपिंग टॅब्ज’ आहे. बराच वेळ न बघितलेला टॅब वर दिसत राहतो, पण त्याची मेमरी सोडली जाते किंवा कमी होते. त्यावर परत गेलं की तो जागा होतो. ज्या साइट कायम जाग्या हव्यात त्यांची नावं तिथेच अपवाद म्हणून देता येतात. क्रोम उघडं असताना शिफ्ट आणि एस्केप दाबलं तर क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. त्यात कुठला टॅब आणि कुठलं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम) किती मेमरी घेतंय ते कळतं. एक्स्टेन्शनं नक्की बघा. कधीतरी एका कामासाठी टाकलेली आणि नंतर विसरलेली एक्स्टेन्शनं निमूटपणे चालत राहतात.

चालू झाल्याबरोबर आपोआप उघडणारे प्रोग्रॅमही टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप अ‍ॅप्स’मधून कमी करा. गेमचे लाँचर, चॅट, वेगवेगळे अपडेट तपासणारे मदतनीस बंद केले तर काही बिघडत नाही. अँटिव्हायरसला आणि ज्याचं नाव ओळखू येत नाही त्याला हात लावू नका. आधी ते काय आहे ते शोधा.

एवढं करूनही इशारा आला, तर कुणी मेमरी अडवली होती हे विंडोजने लिहून ठेवलेलं असतं. फार थोड्यांना हे माहीत असतं, म्हणून मुद्दाम सांगते. स्टार्टमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ शोधून उघडा, ‘विंडोज लॉग्ज’मधलं ‘सिस्टिम’ निवडा आणि ‘रिसोर्स एक्झॉशन डिटेक्टर’ या स्रोताची, २००४ क्रमांकाची नोंद शोधा. तिच्यात त्या वेळी सगळ्यात जास्त मेमरी धरून बसलेल्या प्रोग्रॅमची नावं आणि त्यांचे आकडे असतात. आकडे बाइटमध्ये असतात, त्यामुळे लांबलचक दिसतात. दहा अंकी आकडा दिसला तर मागचे नऊ अंक झाका, उरला तो अंक म्हणजे साधारण तितके जीबी. घरातल्या वादाला यापेक्षा चांगला साक्षीदार मिळणार नाही.

त्या नोंदीत पुन्हापुन्हा एकच नाव येत असेल तर त्या प्रोग्रॅममधून मेमरी गळत असण्याचा संशय घ्यावा. काही प्रोग्रॅममध्ये चूक राहिलेली असते आणि घेतलेली मेमरी ते परत करत नाहीत. तासागणिक त्यांचा आकडा चढत जातो. ओळखायचं असं: टास्क मॅनेजरच्या ‘डीटेल्स’ भागात रकान्यांच्या नावावर राइट क्लिक करून ‘कमिट साइझ’ हा रकाना जोडा, सकाळी त्या प्रोग्रॅमचा आकडा लिहून ठेवा, त्यात फारसं काम न करता संध्याकाळी परत बघा. दुप्पट-तिप्पट झाला असेल तर तो प्रोग्रॅम अपडेट करा, नाहीतर त्याला पर्याय शोधा, आणि तोपर्यंत दुपारी एकदा बंद करून उघडत जा. क्वचित असंही होतं, की कुठल्याच प्रोग्रॅमचा आकडा मोठा नसतो आणि तरी मेमरी भरलेली असते. अशा वेळी ‘परफॉर्मन्स’च्या त्याच पानावर ‘नॉन-पेज्ड पूल’ बघा. तो काही शे एमबी असणं नेहमीचं. अनेक जीबी असेल तर एखादा ड्रायव्हर, म्हणजे यंत्राचा एखादा भाग चालवणारा प्रोग्रॅम, गळतोय. मग यंत्राच्या उत्पादकाच्या साइटवरून ड्रायव्हर अद्ययावत करावे लागतात.

यात एक बारकावा आहे. संगणक ‘शट डाउन’ करून परत सुरू केला म्हणजे सगळं कोरं झालं असं आपण धरून चालतो. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असतं तेव्हा शट डाउन करताना वापरणाऱ्यांचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत आणली जाते. ड्रायव्हरमधली गळती त्यामुळे तशीच राहते. ‘रीस्टार्ट’ केल्यावर मात्र सगळं मुळापासून नव्याने सुरू होतं. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करा.

इशारा समोर असताना काय करायचं? सगळ्यात आधी सेव्ह. तुम्ही वर्ड वापरत असाल तर ते मूळच्या सेटिंगप्रमाणे दर १० मिनिटांनी परत मिळवण्यापुरती एक प्रत ठेवतं; ‘ऑप्शन्स’मधल्या ‘सेव्ह’मध्ये जाऊन तो आकडा २ करा. भाषांतराची दहा मिनिटं म्हणजे एखादा जमून आलेला परिच्छेद असतो आणि तो दुसऱ्यांदा तसा जमत नाही. सेव्ह झालं की सगळ्यात मोठा आकडा असलेला प्रोग्रॅम बंद करा, इशाऱ्याची चौकट नुसती बाजूला सारून पुढे काम करू नका.

सासूबाई व्हिडिओ बघतात म्हणून आणखी एक. ब्राउझरमध्ये एखादं पान मोठ्याने आवाज करत ‘तुमची मेमरी संपली आहे, व्हायरस आलाय, या क्रमांकावर फोन करा’ म्हणत असेल, तर तो फसवणुकीचा प्रकार आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन क्रमांक कधीच नसतो. ते पान बंद करायचं, बंद होत नसेल तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करायचा. त्यांना हे आजच सांगून ठेवा.

मॅक वापरणाऱ्यांनी ‘अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर’मध्ये ‘मेमरी प्रेशर’चा आलेख बघावा: हिरवा असेपर्यंत, रॅम कितीही भरलेली दिसली तरी, काळजी नाही; लाल झाला तर काही बंद करावं लागेल. लिनक्सवर ‘फ्री’पेक्षा ‘अव्हेलेबल’ हा रकाना खरं चित्र दाखवतो, आणि तिथे मेमरी अगदीच संपली तर यंत्रणा इशारा न देता एखादा प्रोग्रॅम स्वतः बंद करते, म्हणून स्वॅप (लिनक्सची पेजफाइल) चालू असल्याची खात्री तिथेही करा.

राहिला नवीन घेण्याचा प्रश्न. आत्ता ठरवू नका. पेजफाइल परत चालू करा, साइन आउटचा नियम पाळा, टॅब झोपवा आणि दोनतीन आठवडे त्या ‘कमिटेड’च्या जोडीकडे बघत राहा. इशारा थांबला आणि यंत्र बऱ्या वेगाने चालत असेल तर खर्च करायचं कारण नाही. इशारा थांबला पण संध्याकाळी यंत्र अडखळतं, एका खिडकीतून दुसरीत जायला वेळ लागतो, असं झालं तर समजा की खरी रॅमच कमी पडते आहे आणि पेजफाइल तिची उणीव कशीबशी भरून काढते आहे. डिस्क कितीही वेगवान असली तरी रॅमच्या जवळपासही येत नाही. विंडोज ११ला किमान ४ जीबी रॅम लागते असं मायक्रोसॉफ्ट सांगतं, पण ते सुरू होण्यापुरतं. चौघांच्या घरात, ब्राउझरवर सगळी कामं होत असताना, ८ जीबी ओढूनताणून पुरतात आणि १६ जीबी असल्या की जीव मोकळा होतो, असं माझं मत आहे.

तेव्हाही पहिला पर्याय रॅम वाढवण्याचा ठेवा. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावरच ‘स्लॉट्स यूज्ड’ असं लिहिलेलं असतं. दोनपैकी एकच भरलेला असेल तर दुसऱ्यात आणखी ८ जीबीची पट्टी बसेल, आणि दोन सारख्या पट्ट्या असल्या की रॅमचा वेगही वाढतो. दोन्ही भरलेले असतील तर आधीच्या काढून मोठ्या घालाव्या लागतील. घेताना डीडीआरची पिढी बघा: डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या जागी बसत नाहीत, त्यांची खाचच वेगळ्या ठिकाणी असते. लॅपटॉपची पट्टी डेस्कटॉपच्या पट्टीपेक्षा आखूड असते. आणि ‘फॉर्म फॅक्टर’पुढे ‘रो ऑफ चिप्स’ असं दिसलं तर रॅम बहुधा मदरबोर्डवर कायमची जोडलेली आहे. उत्पादकाच्या साइटवर आपलं मॉडेल शोधून खात्री करून घ्या.

ज्यांच्याकडे अजून विंडोज १० आहे त्यांनी मात्र आणखी एक विचार करावा. तिची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली. यंत्र विंडोज ११ घेऊ शकत नसेल तर त्यात रॅमसाठी पैसे घालण्याआधी ते किती वर्षं वापरायचंय हे ठरवा. आणि यंत्रावर ३२ बिट विंडोज असेल, तर कितीही रॅम घातली तरी ती ४ जीबीपलीकडे वापरली जाणार नाही. ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘अबाउट’ इथे ‘सिस्टिम टाइप’पुढे ते लिहिलेलं असतं.

नवीनच घ्यायची वेळ आली तर १६ जीबीच्या खाली जाऊ नका आणि रॅम पुढे वाढवता येते का, हे विकणाऱ्याला पहिल्यांदा विचारा. जुनं यंत्र द्यायच्या आधी फोटोंच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी करून ठेवा आणि त्या दोन्ही उघडून बघा.